हिंजवडीच्या कंपनी बसना बीआरटीची लेन उघडली तर बिघडतं काय?

काळेवाडी_एक्सप्रेस

मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. मी चिंचवडहून हिंजवडी आयटी पार्कच्या फेज दोनला कंपनीच्या बसने जातो. काळेवाडी फाट्याला औंध-रावेत रोडला लागलो की डांगे चौक येईपर्यंत आमची पन्नास सीटची बस पुढे दोन कार, मागे पाण्याचा टँकर अशी अडकलेली असते आणि रेलिंगच्या पलीकडे बीआरटीची, म्हणजे फक्त सार्वजनिक बससाठी राखलेली लेन मोकळी, म्हणजे अगदी क्रिकेट खेळता येईल इतकी मोकळी. मधेच एखादी पीएमपीएमएल, म्हणजे पुण्याची सिटी बस येते, सुसाट निघून जाते, की परत शांतता. आणि आम्ही चाळीस-पंचेचाळीस लोक खिडकीतून ते बघत बसायचं.

माझं म्हणणं सरळ आहे. वेगळी लेन दिली कशाला, तर जास्त माणसं नेणाऱ्या गाडीला आधी वाट मिळावी म्हणून ना? मग कंपनी बस दुसरं काय करते? आमची बस उद्या बंद झाली तर यातले निम्मे लोक कार नाहीतर टू-व्हीलर बाहेर काढणार आणि त्याच डांगे चौकात येऊन उभे राहणार, म्हणजे त्रास पुन्हा सगळ्यांनाच. अमेरिकेत कारपूल लेनमधून दोन-तीन माणसं असलेली साधी कारसुद्धा जाते म्हणे, इथं भरलेल्या बसला का नको? मेट्रोचं सांगू नका, ती माण-शिवाजीनगर लाइन बाणेर-विद्यापीठाच्या बाजूने जाते, आम्हा काळेवाडी-चिंचवडवाल्यांना तिचा सकाळी काय उपयोग.

तर कुठे असं केलंय का, चाललं का, नियमात बसतं का, माहिती असेल त्यांनी सांगा. "आयटीवाल्यांचे लाड" असं लिहिणारच असाल तर लिहा, पण खाली एखादा मुद्दापण लिहा.

भुमकर_चौक_पीडित

आयटीवाल्यांचे लाड.

(मुद्दा घरी पोचल्यावर लिहितो, आत्ता चौकात आहे.)

सांगवीची_पासवाली

मी त्याच "सुसाट" जाणाऱ्या बसमध्ये असते, बहुतेक वेळा उभी. तेव्हा दुसरी बाजू सांगते.

पहिलं म्हणजे लेन रिकामी दिसते ही तक्रारच मला पटत नाही. समजा तीन मिनिटांना एक बस येते आणि तिच्यात पन्नास माणसं आहेत, म्हणजे तासाला वीस बस, हजार माणसं. आणि तरी बाजूने बघणाऱ्याला तीनातली पावणेतीन मिनिटं लेन रिकामीच दिसणार, कारण बस पुढे निघून गेलेली असते! शेजारच्या लेनमध्ये गाड्या खच्चून उभ्या असतात म्हणून ती "वापरात" वाटते, पण उभी गाडी म्हणजे वापर नाही हो. ज्या लेनमध्ये काही दिसत नाही तीच नीट चाललेली असते, आणि नेमकं त्यामुळेच ती सगळ्यांच्या डोळ्यात खुपते. नगर रोडवर काय झालं? २०१६ ला बीआरटी सुरू केली, "जागा वाया जाते" म्हणून ओरडा झाला, शेवटी स्टेशनं पाडून टाकली. त्या जागेत कार आल्या. कोंडी गेली का ते वाघोलीकरांना विचारा.

दुसरं जरा टोचेल. पीएमपीएमएलने दिवसाला दहा लाखांच्या वर माणसं जातात. त्यात शिकणारी पोरं, धुणीभांडी करणाऱ्या बायका, हॉस्पिटलमधल्या मावश्या, सिक्युरिटीवाले सगळे आले. ज्या लोकांचा आवाज महापालिकेत ऐकू जातो, म्हणजे तुम्ही, ते त्या बसमध्ये नाहीत. तुमची एसी बस वेगळी, त्यामुळे आमची बस वेळेवर नाही आली तरी तुम्हाला फरक पडत नाही. आता लेनही मिळाली तर मग पीएमपीएमएल वाढवा म्हणायला उरलं कोण? तुमच्यावर राग नाहीये माझा, पण हे एकदा डोक्यात घ्या.

काळेवाडी_एक्सप्रेस

ताई, राग कशाला येईल, बरोबरच बोलताय. पण आम्ही लेनमध्ये आलो म्हणून तुमची बस उशिरा कशी येईल ते नाही कळलं. आम्हाला मधे थांबायचंच नाही, सरळ निघून जायचंय.

रस्तेवाला

पंधरा-एक वर्षं ट्रॅफिकच्या कामात आहे (सल्लागार कंपनीत, सरकारी नाही), म्हणून थोडं खोलात जातो, कंटाळा आला तर सोडून द्या.

"आम्हाला थांबायचंच नाही" इथेच गोची आहे. पुढच्या पीएमपीएमएलला थांबायचंय ना! आपल्या पिंपरी-चिंचवडच्या बीआरटीत स्टेशन रस्त्याच्या मधोमध, बसला उजव्या बाजूने दार, आणि बहुतेक ठिकाणी एका दिशेला बसची एकच लेन. म्हणजे स्टेशनात एक बस उभी आहे तोवर मागच्याला ओव्हरटेक नाही, रेलिंग आहे, जाणार कुठून. तुमची बस तिच्या मागे उभी राहणार. आता गणित करा. तासाला वीस पीएमपीएमएल, त्यात साठ कंपनी बस टाकल्या, झाल्या ऐंशी. म्हणजे पाऊण मिनिटाला एक. सिग्नलचं एक चक्र दोन मिनिटांचं धरलं तर प्रत्येक चक्रात अडीच-तीन बस येऊन उभ्या राहणार. स्टेशन चौकाला लागून असेल तर हिरवा लागायच्या वेळी पुढची बस अजून माणसं चढवत असते, तो हिरवा वाया, मागे सगळ्या थांबलेल्या, आणि त्यांच्याही मागे ज्या पीएमपीएमएलला स्टेशनवर पोचायचंय ती चौकापासून लांब अडकलेली. पासवाल्या ताईंची बस उशिरा होते ती अशी.

दिल्लीचं उदाहरण आहे. २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा साडेपाच-सहा किलोमीटरचा बीआरटी सुरू झाला. तिथली बस लेन एकाच कंपनीच्या बससाठी राखलेली नव्हती, सगळ्या प्रकारच्या बसना ती मोकळी होती. स्टॉप चौकाला लागून. चिराग दिल्लीच्या सिग्नलला बसची रांग आणि कारची रांग शेजारी शेजारी. कोर्टात गेला मामला, २०१२ मध्ये हायकोर्टाने बीआरटीच्या विरोधातली याचिका फेटाळली, म्हणजे कायद्यात तो टिकला, पण २०१५ मध्ये दिल्ली सरकारने तो काढायचा निर्णय घेतला आणि काढलाही. फक्त बस जास्त झाल्या म्हणून बुडाला असं मी म्हणणार नाही, कारवाल्यांचा राग हे मोठं कारण होतं, पण बस लेनच सुसाट चालली असती तर बाजू घ्यायला बसवाले तरी उभे राहिले असते.

आता तुमचा रूट बघू. काळेवाडी फाटा ते डांगे चौक तुम्हाला लेन दिली असं धरू. डांगे चौकातून हिंजवडीला जायचं म्हणजे डावीकडे वळायचं. तुम्ही रस्त्याच्या मधोमध, रेलिंगच्या आत. मग चौकाच्या आधीच लेनमधून बाहेर काढून तीन लेन कापत डावीकडे यायचं, ऐन गर्दीत, बारा मीटरची बस. जे दहा मिनिटं वाचले ते तिथे गेले, शिवाय सगळ्यांना अडवून. त्यापेक्षा नाशिक फाटा ते वाकड हा बीआरटी रूट तुमच्या कल्पनेला जास्त जमतो, कारण तिथून वाकडला हायवेपाशी येऊन पुढे हिंजवडीकडेच निघता येतं. भोसरी, कासारवाडी, पिंपळे सौदागर इकडच्या कंपनी बसना तो खरा कामाचा.

अजून एक बारकी गोष्ट, जिचा कुणी विचार करत नाही. बंद पडलेली बस. मोकळ्या रस्त्यावर बंद पडली तर लोक शिव्या देतात आणि बाजूने जातात. बीआरटीत बंद पडली तर लेनच बंद. शिवाय तुमच्या बसला दार डावीकडे, म्हणजे लोकांना उतरवायचं तर कारच्या ट्रॅफिकमध्ये रेलिंग ओलांडून. कुणाची क्रेन येणार, किती वेळात, पैसे कोण देणार, हे आधी लिहून घेतल्याशिवाय मी तरी सही करणार नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. रस्तेवाला साहेबांच्या मुद्द्याची उलटी बाजू आमच्याकडे रोज सकाळी बघायला मिळते म्हणून लिहितोय.

लिंकन टनेलकडे जाणारा रूट ४९५ आहे, मॅनहॅटनमध्ये शिरायचा रस्ता. तिथे १९७० पासून सकाळी समोरून येणाऱ्या बाजूची एक लेन उलटी करून फक्त बसना देतात, म्हणजे अक्षरशः समोरून गाड्या येतायत आणि मधे प्लॅस्टिकचे खुंटे लावलेत, पहिल्यांदा बसलो तेव्हा जीव मुठीत होता. लांबी जेमतेम अडीच मैल, चार किलोमीटर. पण सकाळच्या चार तासांत साधारण १८०० बस जातात त्यातून, सत्तर हजारांच्या आसपास माणसं. एका लेनमधून! बाजूच्या लेनमधून कारने जाणारी माणसं मोजलीत तर याच्या पासंगाला नाही पुरणार.

महत्त्वाचं म्हणजे त्या सगळ्या बस सरकारी नाहीत. एनजे ट्रान्झिटच्या बऱ्याच, पण खाजगी कंपन्यांच्याही भरपूर. बस कुणाची आहे हे कुणी विचारत नाही. आणि तरी चालतं, का? कारण मधे एकही स्टॉप नाही. शिरलात की थेट टनेल, टनेल संपला की पोर्ट अथॉरिटीचं टर्मिनल, उतरायचं तिथे. जे काही अडतं ते टर्मिनलमध्ये अडतं, लेनमध्ये नाही.

म्हणून मला वाटतं वाद सरकारी-खाजगीचा नाहीच. ज्या पट्ट्यात स्टेशन नाही, सिग्नल कमी, तिथे कुठलीही भरलेली बस घाला. तुमच्याकडे हिंजवडीच्या आत, वाकड पूल ओलांडला की पुढे जो रस्ता आहे तिथे बस लेन आहे का? नसेल तर तीच मागा की! जुनी बीआरटी लेन वाटून घेण्यापेक्षा.

भुमकर_चौक_पीडित

घरी पोचलो. मुद्दा: एडिसनकर, वाकड पूल ओलांडला की पुढे रस्ताच नाहीये, पार्किंग आहे.

सनीव्हेलची_सून

एडिसनकर म्हणतात ते हायवेवर ठीक, शहरात शिरलं की गोष्ट बदलते. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, नवरा कंपनीच्या शटलने जायचा अनेक वर्षं, म्हणून हे जवळून पाहिलंय.

आधी कारपूल लेनचा गैरसमज दूर करते. इथे १०१ वगैरे हायवेवर जी कारपूल लेन आहे तिथे शटलला वेगळी परवानगी वगैरे नाहीच लागत, डोकी मोजतात. ठरलेल्या तासांत दोन किंवा तीन माणसं असली की झालं, बस काय आणि कार काय. एकटे घुसलात तर कमीत कमी ४९० डॉलर दंड. म्हणजे शटल भरलेलं असेल तर हक्काने जाणार. सॅन मटेओ काउंटीच्या पट्ट्यात आता एक्सप्रेस लेन झाल्यात (२०२३ मध्ये पूर्ण झाल्या), तीन माणसं फुकट, दोन असतील तर अर्धा टोल, एकटा असेल तर पूर्ण टोल. गंमत म्हणजे सोडून परत येणारं रिकामं शटल, आत फक्त ड्रायव्हर, त्याला माणसांच्या हिशोबाने तिथे जागा नाही. सार्वजनिक बस रिकामी असली तरी चालते, शटल नाही. मला हा फरक योग्य वाटतो.

भांडण झालं ते सॅन फ्रान्सिस्को शहरात, आणि लेनवरून आधी नाही, स्टॉपवरून. मोठ्या टेक कंपन्यांची दुमजली पांढरी शटल म्युनीच्या म्हणजे शहराच्या बस स्टॉपवर थांबायची. नियमाने तिथे थांबायची परवानगीच नव्हती, आपण कारने पाच मिनिटं थांबलो तर दंड, यांना काही नाही. मागे म्युनीची बस अडकलेली, म्हातारी माणसं रस्त्यावर उतरून चढतायत. त्यात घरभाडी वाढत होती, शटलचा स्टॉप जवळ आला की भाडं वाढतं अशी लोकांची भावना. डिसेंबर २०१३ मध्ये मिशन भागात लोकांनी गूगलची बस अडवली, जगभर फोटो गेले. मग २०१४ मध्ये शहराने पायलट म्हणजे प्रायोगिक योजना सुरू केली: परमिट घ्या, गाडीवर स्टिकर, जीपीएसचा डेटा शहराला द्या, ठराविक स्टॉपच वापरा, आणि एका थांब्याला एक डॉलर. एक डॉलर ऐकून लोक अजूनच भडकले, पण कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शहराला अशा फीमधून फक्त स्वतःचा खर्च वसूल करता येतो, नफा नाही. नंतर ती तीन डॉलरच्या वर गेली. २०१६ मध्ये कायमची योजना झाली, तेव्हा मोठ्या बसना छोट्या गल्ल्या बंद आणि फक्त मोठे रस्ते. शहराच्या पाहणीत शटलमधल्या जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं की शटल नसतं तर एकटे कारने गेलो असतो. म्हणजे काळेवाडीवाले दादा म्हणतायत ते खोटं नाही. उरलेले निम्मेही आहेत मात्र, हे पण बघा.

लेनचा वाद त्यानंतर. शहराने म्युनीसाठी लाल रंगाच्या लेन रंगवल्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बस म्हणजे काय ते मालकावरून नाही, किती माणसं बसतात त्यावरून ठरतं. म्हणजे लाल लेनमध्ये शटल पण आलं, टुरिस्ट बस पण. मिशनमधले लोक म्हणाले आमच्या दुकानांसमोरचं पार्किंग काढलं ते म्युनीसाठी म्हणून, आणि आता त्यातून कंपन्यांच्या बस जाणार? मला त्यांचं म्हणणं पटतं. जागा मागताना जे कारण सांगितलं, तेच पुढे पाळायला हवं.

आणि एक शेवटची गोष्ट, अपवाद एकदा दिला की परत घेता येत नाही म्हणतात त्याबद्दल. इथे इलेक्ट्रिक आणि तसल्या गाड्यांना स्टिकर दिले होते, एकटा माणूस असला तरी कारपूल लेनमध्ये चला म्हणून. सुरुवातीला मूठभर गाड्या होत्या. नंतर प्रत्येक दुसरी गाडी तीच, लेन तुंबली. फेडरल नियम असा की त्या लेनचा सरासरी वेग गर्दीच्या वेळी ताशी ४५ मैल, म्हणजे बहात्तर किलोमीटर, नव्वद टक्के वेळ राहिला पाहिजे, नाहीतर ती बिघडलेली लेन समजायची आणि राज्याने उपाय करायचे. स्टिकरची मुदत शेवटी ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. लोकांनी आरडाओरडा केला, पण संपली. मुदत आणि वेगाचा आकडा आधीच लिहून ठेवलेले असले की नाही म्हणणं जरा सोपं जातं.

बेळंदूर_बिऱ्हाड

बंगळुरूमध्ये आहे, थोडक्यात सांगतो. २०१९ च्या शेवटी इथे आउटर रिंग रोडवर सिल्क बोर्डच्या बाजूने बस लेन केली होती, खांब लावून. चांगली चालली होती, बीएमटीसीच्या म्हणजे इथल्या सिटी बसच्या ड्रायव्हरलाच विचारा. पण मग कोविड आला, मग मेट्रोचं काम, लेन गेली. तेव्हाही आमच्या ऑफिसात हाच वाद. एक गोष्ट इथे वेगळी होती: बीएमटीसी स्वतःच्या बस कंपन्यांना भाड्याने देते. ड्रायव्हर त्यांचा, बस त्यांची, आत बसणारे कंपनीचे. अशी बस लेनमध्ये गेली तर कोण काय बोलणार? पुण्यात असं करता येईल का?

ट्रान्सपोर्ट_डेस्क

मी हिंजवडीतल्याच एका कंपनीचं एम्प्लॉयी ट्रान्सपोर्ट बघतो, नाव विचारू नका. इथे कुणी आमच्या बाजूने बोललं नाही म्हणून लिहितोय, पण ऐकून काळेवाडीवाले नाराज होतील.

"कंपनी बस" म्हणजे तुम्हाला पन्नास सीटची बस दिसते. माझ्या रोस्टरवर मोठ्या बस आहेत, त्याहून जास्त टेम्पो ट्रॅव्हलर आहेत, आणि सगळ्यात जास्त कॅब आहेत, रात्रीच्या शिफ्टच्या, बायकांना दारापर्यंत सोडायच्या. उद्या लेन उघडली की पहिला फोन व्हेंडरचा, साहेब आमच्या ट्रॅव्हलरला पण पास काढून द्या. बारा माणसांची गाडी आहे, नाही कशी म्हणणार? मग इनोव्हा, त्यात सहा. मग शाळेची बस, तिच्यात तर लहान मुलं, तिला नाही म्हणायला कुणाची हिंमत आहे? मग लग्नाचं वऱ्हाड, हसू नका, ट्रॅव्हल्सची बस तीच असते, सकाळी कंपनी, शनिवारी वऱ्हाड, काचेवरचा बोर्ड फक्त बदलतो. गेटवर उभा असलेला वॉर्डन कसं ओळखणार?

परमिटचं पण ऐका. आमच्या बहुतेक बस कॉन्ट्रॅक्ट कॅरेजच्या परमिटवर, म्हणजे ठरलेली पार्टी, ठरलेलं भाडं, वाटेत दुसरा पॅसेंजर घ्यायचा नाही. पीएमपीएमएल स्टेज कॅरेज, टप्प्याटप्प्याने कुणालाही घ्यायचं. त्यामुळे "सीट रिकामी असेल तर लोकांना पण घ्या की" हे जे लोक सुचवतात ते आमच्या हातात नाही, घेतलं तर आरटीओ आमच्यावरच केस करेल. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यात हे दोन प्रकार सरळ वेगळे आहेत.

आणि रिकामी फेरी. सकाळी बस भरून येते, सोडते, दुसऱ्या शिफ्टसाठी किंवा दुसऱ्या कंपनीसाठी रिकामी परत पळते. ड्रायव्हरला पुढची ट्रिप गाठायची असते, तो लेन सोडणार नाही. सनीव्हेलच्या ताईंनी सांगितलेला नियम मला आवडला, भरलेली असेल तरच. इथे मोजणार कोण हा भाग वेगळा.

बेळंदूरवाल्यांचं सगळ्यात बरोबर वाटतंय. पीएमपीएमएलची बस कंपनीने महिन्यावर घ्यायची. फक्त पीएमपीएमएलकडेच गर्दीच्या वेळी बस कमी आहेत, सकाळी आठला जी बस आम्हाला मिळेल ती कुठल्यातरी रूटवरून काढलेली असणार. म्हणून अट अशी पाहिजे की नव्या बसचे पैसे कंपन्या भरतील तेवढ्याच बस कंपन्यांना.

काळेवाडी_एक्सप्रेस

एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. डांगे चौकात डावीकडे वळायचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता आला, रोज वळतो तरी! तरी माझं मत अजून हेच की मोठी भरलेली बस आणि एकट्या माणसाची कार यांना एकाच रांगेत उभं करणं चूक आहे. फक्त कुठली लेन मागायची ते बदललं. आता मी मागणी करणार असेन तर अशी करेन: नाशिक फाटा-वाकड रूटवर, चाळीस सीटच्या वरच्या बस, सकाळी ठराविक दोन-अडीच तास, रिकामी फेरी चालणार नाही, जीपीएस पीएमपीएमएलला दिसलाच पाहिजे. आणि पीएमपीएमएलच्या बसला स्टेशनवर आधी जागा. यात काय खटकतं ते सांगा.

रस्तेवाला

खटकण्यासारखं कमी आहे. दोन गोष्टी घाला. एक, तासाला जास्तीत जास्त किती बस ते आधी ठरवा आणि परमिट तेवढेच द्या, "सगळ्या पात्र बस" असं लिहू नका. आकडा कसा काढायचा: सगळ्यात गर्दीचं स्टेशन घ्या, तिथे पीएमपीएमएल किती सेकंद थांबते ते सकाळी उभं राहून घड्याळाने मोजा, चौकाचा हिरवा किती मिळतो ते मोजा, उरलेली जागा तुमची. जगताप डेअरीपाशी मोजा, तिथे नाशिक फाटा-वाकड आणि सांगवी-किवळे दोन्ही बीआरटी एकमेकांना छेदतात, अडेल तर तिथेच अडेल. दोन, पीएमपीएमएलने फेऱ्या वाढवल्या की तुमचे परमिट आपोआप तेवढे कमी. हे आजच लिहा, नंतर कुणी मान्य करणार नाही.

पैशांचं म्हणाल तर प्रत्येक फेरीला फी घ्या आणि ती स्टेशनच्या दुरुस्तीला, वॉर्डनच्या पगाराला जाऊ दे. कित्येक स्टेशनांचे आपोआप उघडणारे दरवाजे बंद असतात, ते आधी चालू करा म्हणावं.

सांगवीची_पासवाली

दरवाज्यांचं नाव काढलंत, बरं वाटलं. मला ही अट मान्य आहे, अजून एक जोडा. या कंपन्यांनी पत्र लिहायचंच आहे महापालिकेला, तर त्याच पत्रात पीएमपीएमएलच्या फेऱ्या वाढवा, हिंजवडीला शेवटची बस रात्री उशिरापर्यंत ठेवा, हेही लिहायचं. आमच्या हाउसकीपिंगच्या बायका त्याच इमारतींमध्ये कामाला येतात, त्यांना कंपनीची बस नाही, त्या कॉन्ट्रॅक्टरच्या असतात. तुमच्या बसमध्ये सीट रिकामी असली तरी त्यांना चढू देत नाहीत, आणि हे काही आरटीओमुळे नाही.

ट्रान्सपोर्ट_डेस्क

हो, ते आरटीओमुळे नाही. ते पॉलिसीमुळे आहे, आयडी कार्डचा रंग वेगळा असतो. त्यांची नावं कंपनीनेच यादीत घातली तर त्या ठरलेल्या पार्टीतच धरल्या जातात, परमिटला काही होत नाही. माझ्याकडच्या सांगवी रूटला सकाळी सीट रिकाम्या जातात हे मला रोज दिसतं. ॲडमिनला मेल टाकतो, पण कुणीतरी एम्प्लॉयीने पण टाकला तर बरं, एकट्या ट्रान्सपोर्टवाल्याचा मेल वाचत नाही कुणी.

काळेवाडी_एक्सप्रेस

मी माझ्या कंपनीत टाकतो. आणि जगताप डेअरीला मोजायला शनिवारी नाही, मंगळवारी जायला लागेल ना? शनिवारी आयटीची गर्दीच नसते. कुणी येणार असेल तर सांगा, सकाळी साडेसातला, चहा माझ्याकडून.

भुमकर_चौक_पीडित

मंगळवारी येतो. मला उभं राहायची सवय आहे.